फोटोतली खाडी

त्या सहा दिवसांचा विषय निघाला की माझा पारा अजूनही चढतो. चौतीस वर्षांच्या नोकरीत मी खुनाचे तपास केले, दरोडेखोरांच्या मागे रानोमाळ फिरलो, पण मला सर्वांत जास्त हैराण केलं ते दोन वयस्कर बायकांनी आणि एका फोटोने. निवृत्तीला तेव्हा दहा महिने उरले होते आणि मी डोंबिवलीतल्या एका पोलीस ठाण्याचा प्रमुख होतो. नावं देणार नाही. या प्रकरणातली सगळी माणसं सुदैवाने हयात आहेत आणि सगळी सज्जन आहेत. सराईत गुन्हेगार खोटं बोलणार हे आपण धरूनच चालतो. सज्जन माणसाच्या तोंडून खरं काढायला फार वेळ लागतो.

सोमवारी सकाळची हजेरी आटोपून मी डाक बघायला बसलो होतो. ठाणे अंमलदाराने चाळिशीतल्या एका गृहस्थांना आत आणलं. त्यांची आई सकाळी सात वाजल्यापासून बेपत्ता होती. वय एकाहत्तर. एका शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवलेला, त्यामुळे सगळे त्यांना ‘बाई’ म्हणत. मीही इथे बाईच म्हणतो. मुलगा एका कंपनीत चांगल्या हुद्द्यावर, सूनही नोकरी करणारी. भांडण नाही, तंटा नाही.

“विसरभोळेपणा वगैरे?” मी विचारलं.

“नाही हो. माझ्यापेक्षा तल्लख आहे ती.”

“मग मैत्रिणीकडे गेल्या असतील.”

“साहेब, ती एकटी बाहेर जात नाही. आम्ही जाऊच देत नाही. आठ महिन्यांपूर्वी बाथरूममध्ये पडली होती.”

फोन घरीच, रक्तदाबाच्या गोळ्यांचा डबाही घरीच. ही दोन्ही लक्षणं मला आवडली नाहीत. ‘मिसिंग’ दाखल केली, वर्णन वायरलेसवर दिलं, रुग्णालयांत माणसं पाठवली. सोसायटीच्या फाटकावर कॅमेरा होता. सेक्रेटरी अभिमानाने म्हणाले, “चोवीस तास चालू असतो.” रेकॉर्डिंग मागितलं तर कळलं की कॅमेरा चालू असतो, पण चित्रण साठवणारं यंत्र दिवाळीपासून बंद आहे.

दुसऱ्या दिवशी मी बाईंच्या ओळखीपाळखीच्या लोकांकडे चौकशी केली. सगळ्यांत जवळची मैत्रीण डोंबिवली पश्चिमेला एकटीच राहायची. वय अडुसष्ट, एका कचेरीतून टायपिस्ट म्हणून निवृत्त झालेली. माझ्या हवालदाराला तिने आल्याचा चहा दिला, डोळे पुसले आणि “देवा, कुठे गेली असेल ही!” म्हणाली. हवालदार परत येऊन मला म्हणाला, “सर, मावशी फार हळव्या आहेत. त्यांना पुन्हा त्रास नको द्यायला.” बावीस वर्षं नोकरी झालेला हवालदार!

बुधवारी मुलाला इमारतीच्या टपालपेटीत पाकीट सापडलं. आत पोस्टकार्डाएवढा आडवा, रंगीत फोटो. बाई प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसलेल्या, मागे आणि दोन्ही बाजूंना खाडीचं निळसर पाणी, तिवरांची झाडी, दोन होड्या आणि एक लोखंडी कठडा. फोटोच्या मागे बाईंच्याच अक्षरात लिहिलं होतं, “मी सुखात आहे. शोधू नका.”

“साहेब, ती पाण्याजवळ काय करतेय?”

मलाही तीच भीती वाटली. एकाहत्तर वर्षांची बाई गोळ्या मागे ठेवून जाते आणि पाण्याकाठी बसून ‘शोधू नका’ म्हणून लिहिते, याचा पोलिसाच्या डोक्यात एकच अर्थ निघतो. त्या घाईत माझ्याकडून मोठी चूक झाली. पाकिटावर पोस्टाचं तिकीट नव्हतं. ते कुणीतरी हाताने आणून टाकलं होतं, म्हणजे पाठवणारं माणूस जवळपासचंच होतं. हे मी पाहिलं, पंचनाम्यात लिहूनही घेतलं, पण त्याचा विचार केला नाही. माझे डोळे त्या पाण्यावर खिळले होते.

फोटो मी सगळ्या ग्रुपांवर पाठवायला सांगितला. ‘हे ठिकाण कुठलं?’ एवढा एकच प्रश्न. त्यानंतर ठाण्यातला फोन थांबायला तयार नव्हता.

“साहेब, शंभर टक्के कोलशेत. मी रोज सकाळी तिथे चालायला जातो, तो कठडा माझ्या ओळखीचा आहे.”

“मोठागावची खाडी आहे ही. माझं माहेर आहे तिथे, मला नाही कळणार?”

“कल्याणला दुर्गाडीच्या खाली बघा. पैज लावतो.”

प्रत्येकाची शंभर टक्के खात्री! तिन्ही ठिकाणी मी माणसं पाठवली. आधीच बंदोबस्ताला माणसं पुरत नव्हती. वरिष्ठांचा फोन आला, “अहो, एका मिसिंगसाठी अर्धं ठाणं खाडीवर नेऊन बसवलंय का?” मी ‘हो सर’ म्हटलं, कारण नाही म्हणता येत नव्हतं. कोलशेतवाल्या गृहस्थांना आमच्या फौजदाराने किनाऱ्यावर नेलं, तेव्हा कठड्याचा रंगही जुळेना. ते म्हणाले, “बहुतेक बदलला असेल.” कधी, तर म्हणे काल-परवा.

शुक्रवारी सकाळी कोलशेतच्या बाजूला खाडीत एका वृद्ध स्त्रीचा मृतदेह सापडला. त्या हद्दीतल्या ठाण्याने अकस्मात मृत्यूची नोंद केली आणि आमच्या बिनतारी संदेशावरून मला कळवलं. वय जुळत होतं, बांधा जुळत होता. चेहरा ओळखण्याच्या स्थितीत नव्हता.

मुलाला शवागृहात घेऊन जाणं माझ्यावर आलं. अशा वेळी काय बोलायचं हे कुठल्याच प्रशिक्षणात शिकवत नाहीत. जीपमध्ये तो एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, “तिला खाली उतरून फुलं आणायची होती. मी म्हटलं, मी आणतो.” आत त्याने पाय पाहिले. बाईंच्या उजव्या घोट्यावर जुन्या भाजल्याची खूण होती. इथे ती नव्हती.

“नाही,” तो म्हणाला. “ही आई नाही.” आणि बाहेर पायरीवर बसून ओक्साबोक्शी रडला. सुटकेचं रडणं होतं, तरी ते बघवत नव्हतं. आत कुणाची तरी आई होतीच, आणि तिच्यासाठी अजून कुणी आलं नव्हतं.

त्याला गाडीने घरी पाठवून मी कोलशेतच्या किनाऱ्यावर गेलो. खरं सांगायचं तर राग काढायला गेलो होतो. कुणावर काढायचा, ते ठरलं नव्हतं. एक सत्तरीचे कोळी बाबा जाळं दुरुस्त करत बसले होते. मी फोटो त्यांच्यापुढे धरला आणि त्राग्यानेच विचारलं, “बाबा, ही जागा तुमच्याकडचीच ना?”

त्यांनी फोटो लांब धरून पाहिला, मग जवळ घेतला, मग हसले.

“सायेब, ही जागा कंचीच नाय.”

“म्हणजे?”

“या दोन होऱ्या बगा. नांगरलेल्या हायेत ना? मंग एकीचा तोंड हिकरं न दुसरीचा तिकरं कसा? पानी येकीकरं जातं, तं सगल्या होऱ्या येकाच बाजूला तोंड करतान. न नांगराची दोरी कुटं हाय? ही होरी पान्यान नाय, पान्यावं चिकटवलेली हाय.”

तीन दिवस तो फोटो पंचवीस पोलिसांनी, चार अधिकाऱ्यांनी आणि शेकडो लोकांनी पाहिला होता. दोन होड्या विरुद्ध दिशांना तोंड करून उभ्या आहेत, हे एकालाही दिसलं नव्हतं. मला स्वतःची इतकी चीड आली की बाबांचे आभार मानायचेही राहून गेले. नंतर मुद्दाम जाऊन मानले.

शनिवारी मी फोटो सायबर विभागातल्या एका तरुण महिला शिपायाकडे दिला. तिला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

“सर, हा फोटो बाजूंनी वाढवलाय.”

“वाढवलाय म्हणजे मोठा केलाय?”

“मोठा नाही. मूळ फोटो उभा, अरुंद असणार. आता सॉफ्टवेअर येतात. फोटोच्या कडेची रिकामी जागा ते स्वतः भरतं. आजूबाजूचा रंग आणि उजेड बघून अंदाज करतं, पुढे काय असेल. हा कठडा बघा, इथे पाच गज आहेत आणि खाली त्यांचे चारच होतात. मधला पट्टा तेवढा खरा आहे. बाई, खुर्ची आणि मागचा थोडा निळा भाग. बाकी सगळं त्याने रचलंय.”

“आणि मागचं पाणी?”

“मला तर ती निळी भिंत वाटतेय, सर.”

एका भिंतीच्या रंगापायी मी तीन खाड्या पालथ्या घातल्या होत्या आणि एका मुलाला शवागृह दाखवलं होतं.

तसाच बाईंच्या घरी गेलो. टेबलावर फोटो ठेवला, दोन कोरे कागद घेऊन डावीउजवीकडची खाडी झाकली आणि मुलाला आणि सुनेला म्हटलं, “आता फक्त मधलं बघा. पाणी विसरा. काय दिसतंय?”

मुलगा बराच वेळ बघत राहिला. “हसतेय,” तो हळूच म्हणाला. “इतकी हसताना मी तिला बऱ्याच दिवसांत पाहिली नाही.”

सुनेने फोटो उचलून खिडकीपाशी नेला. “खुर्चीच्या पाठीवर बघा. क्रोशाचं कव्हर आहे. असंच आपल्या टीपॉयवर होतं. आईंच्या मैत्रिणीने विणलेलं.”

“पश्चिमेच्या?”

“हो. त्यांचाच हात आहे हा. त्या कोपऱ्यात नेहमी असं लाल फूल घालतात.”

आल्याचा चहा देणाऱ्या हळव्या मावशी!

महिलेला, त्यातून पासष्टीच्या पुढच्या महिलेला, चौकशीसाठी ठाण्यात बोलावता येत नाही. तिच्या घरी जावं लागतं. त्या सायबरच्या शिपाई मुलीला बरोबर घेऊन मी दुपारी चार वाजता साध्या कपड्यांत गेलो. मावशींनी दार उघडलं, डोळ्यांना पदर लावला आणि विचारलं, “लागला का हो पत्ता?” मी त्यांना दाद दिली पाहिजे. एवढं सहज खोटं बोलणारी माणसं मी कोठडीत फार पाहिलेली नाहीत.

सरळ आरोप केला असता तर त्या रडल्या असत्या आणि शेजारचे गोळा झाले असते. मी खोलीत नजर फिरवली. भिंतीवर ज्येष्ठ नागरिक संघातल्या सभासदांची वाढदिवसाची शुभेच्छापत्रं लावलेली होती. प्रत्येकात एक आजोबा किंवा आजी, आणि मागे बर्फाचे डोंगर, कमळांचं तळं, नाहीतर ट्युलिपची शेतं.

“हे सगळं तुम्ही केलंत?” मी विचारलं.

“संघातला कोर्स केला ना मी! सगळ्यांत पुढे मीच होते.” रडं कुठल्या कुठे गेलं.

“माझा निवृत्तीचा कार्यक्रम आहे पुढच्या वर्षी. पत्रिकेवर टाकायला एकच फोटो आहे, तोही उभा. आडवा होईल का हो?”

“का नाही होणार? आणा इकडे.”

त्यांनी लॅपटॉप उघडला, चष्मा लावला आणि मला समजावायला लागल्या. “कडेला नुसतं ताणायचं नाही हं. ताणलं की माणूस जाडा दिसतो. कॅनव्हास वाढवायचा आणि थोडी खऱ्या फोटोची कड आत घ्यायची, म्हणजे सांधा दिसत नाही.” बोलता बोलता त्यांनी सॉफ्टवेअर सुरू केलं. पडद्यावर आधी केलेल्या कामांचे छोटे छोटे चौकोन उमटले. पहिल्याच चौकोनात बाई होत्या, खाडीसकट. शेजारच्या चौकोनात मूळ फोटो होता. तीच खुर्ची, मागे निळी डिस्टेंपर भिंत, एका बाजूला खिडकी आणि दुसऱ्या बाजूला ठाकुर्लीच्या एका किराणा दुकानाचं कॅलेंडर.

मावशींचा हात माऊसवरच थांबला.

“मावशी,” मी म्हटलं, “काल त्या मुलाने खाडीत सापडलेल्या एका बाईचं प्रेत बघितलं. आपल्या आईचं समजून.”

त्यांनी चष्मा काढला. या वेळी डोळ्यांतलं पाणी खरं होतं. “अहो, पाणी मी मागितलंच नव्हतं! खिडकीतून समोरची बिल्डिंग दिसत होती, मुलाने ओळखली असती. म्हणून दोन्ही बाजू कापल्या आणि सॉफ्टवेअरला फक्त म्हटलं, मोकळी जागा वाढव, नैसर्गिक दिसू दे. भिंत निळी होती. त्याने पाणी केलं, होड्या केल्या. आम्हाला दोघींना छान वाटलं. मी प्रिंट काढून आणली आणि सकाळी भाजीला गेले तेव्हा पेटीत टाकली.”

“छान वाटलं,” मी म्हणालो.

ठाकुर्लीत मावशींची जुनी खोली होती, भाडेकरू सोडून गेल्यापासून रिकामी. डोंबिवलीहून एक स्टेशन. माझ्या ठाण्यापासून जीपने बारा मिनिटं लागली. बाईंनीच दार उघडलं. हातात वर्तमानपत्र, कोडं अर्धं सोडवलेलं. नव्या गोळ्यांचं पाकीट टेबलावर. मी ओळख सांगितली तशा त्या म्हणाल्या, “सहा दिवस लागले तुम्हाला?”

मी चिडलो. लपवत नाही. तीन खाड्या, पंचवीस माणसं, शवागृह, सगळं एका दमात सांगितलं. शवागृहाचं नाव काढल्यावर त्यांचा चेहरा बदलला आणि त्या खुर्चीत बसल्या.

“तिथे नेलंत त्याला?”

“न्यावं लागलं.”

मग त्या सांगू लागल्या. “फोटोत खुर्चीची सावली एकीकडे पडलीय आणि कठड्याची दुसरीकडे. मी त्याला पाचवीत अंगणात काठी रोवून सावल्या शिकवल्या होत्या. मला वाटलं, बघेल, हसेल आणि म्हणेल, आईने गंमत केली.” मग म्हणाल्या, “तो इतका घाबरेल असं वाटलं नव्हतं. चुकलंच माझं.”

“पण गेलात कशाला?”

“दिवाणखान्यात कॅमेरा आहे. मी उठले की त्याचा फोन येतो, आई, कुठे निघालीस? दाराला बाहेरून कुलूप असतं. त्या दिवशी दूधवाल्यासाठी उघडलं होतं. साहेब, मी चाळीस-चाळीस मुलं घेऊन सहली नेल्यात. आठ महिन्यांत मी भाजीसुद्धा निवडून आणलेली नाही. मुलगा वाईट नाही. म्हणून तर सांगता येत नव्हतं.”

या कॅमेऱ्याबद्दल आणि कुलपाबद्दल मुलाने मला काहीच सांगितलं नव्हतं. निरोप मिळताच तो अर्ध्या तासात आला. दारातच उभा राहिला.

“आई, ठाकुर्ली?”

“हो.”

“एक स्टेशन?”

“हो रे.”

तो काहीतरी ओरडणार होता. मी ते त्याच्या चेहऱ्यावर पाहिलं. पण तो आत आला, आईच्या पायाशी फरशीवर बसला आणि तिचा उजवा घोटा हातात धरून तसाच राहिला. त्याने तो का धरला हे बाईंना ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. मी आणि शिपाई मुलगी जिन्यात जाऊन उभे राहिलो.

आमच्या दृष्टीने पुढचं काम कागदाचं होतं. बाई सज्ञान, स्वखुशीने गेलेल्या. तसा जबाब घेतला आणि मिसिंगचा कागद बंद केला. मावशींवर कुठला गुन्हा बसतो का, हे मी रागाच्या भरात तपासून पाहिलं आणि शेवटी कडक समज देऊन विषय संपवला. समज ऐकून झाल्यावर त्यांनी विचारलं, “मग तुमच्या पत्रिकेचा फोटो?” बाई त्या दिवशी घरी गेल्या नाहीत. आणखी पंधरा दिवस ठाकुर्लीतच राहिल्या. मुलगा रोज संध्याकाळी उतरून भेटायला जायचा. नंतर त्या घरी परतल्या, पण दिवाणखान्यातला कॅमेरा निघाल्यावर आणि किल्ली त्यांच्या हातात आल्यावर. खाडीत सापडलेल्या त्या दुसऱ्या स्त्रीचे नातेवाईक महिन्याभराने सापडले, असं त्या हद्दीतल्या अधिकाऱ्याने कळवलं.

या प्रकरणाने मला फोटोबद्दल जे शिकवलं ते आता कुणीही सांगेल. मूळ फाइल मागा, कडा तपासा, ठिकाण ओळखणाऱ्याच्या खात्रीवर जाऊ नका. ते मी लेखी टिपण करून पुढच्या अधिकाऱ्याला दिलंही. पण माझ्या कामात खरा फरक पडला तो वेगळ्याच बाबतीत. घरातलं माणूस हरवलं म्हणून कुणी आलं की चौतीस वर्षं मी पहिला प्रश्न विचारत आलो होतो, शेवटचं कधी पाहिलंत? उरलेल्या दहा महिन्यांत मी त्याच्याआधी दुसरा प्रश्न विचारू लागलो. ते शेवटचं एकटं कधी बाहेर गेलं होतं? पुष्कळदा समोरचे मुलगा आणि सून एकमेकांकडे बघायचे आणि मला पेन खाली ठेवून थांबावं लागायचं.